कुडाळचा स्टुडिओ, माझा पखवाज आणि भाचीचं रॅप

“मामा, कणीक आणल्यात की मळून देव?” स्टुडिओत पाऊल ठेवल्याबरोबर स्टुडिओवाल्या पोराने हे विचारलं आणि माझा जीव भांड्यात पडला. चाळीस वर्षं मी डबलबारीला, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या जुगलबंदीला, बुवांच्या (मुख्य गायकाच्या) मागे पखवाज वाजवतोय. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याच्या तोंडाला, ओली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही, हे ज्याला सांगावं लागत नाही अशा माणसाकडे रेकॉर्डिंग करायला मिळणं म्हणजे काय, ते पखवाजवालाच जाणे. २०११ साली मुंबईतल्या एका स्टुडिओत आमच्या मंडळाची सीडी केली होती. तिथे गालिचा खराब होईल म्हणून कणीक लावू दिली नव्हती. शेवटी सीडीत माझ्या पखवाजाच्या जागी कॉम्प्युटरमधला तबला वाजला. ती सीडी मी घरात कधी लावली नाही.

म्हणून कुडाळच्या या स्टुडिओबद्दल सविस्तर लिहितोय. मालकाने नाव छापू नका म्हणून सांगितलंय. एकटाच माणूस आहे, आहे तेवढं काम त्याला पुरतं. पिंगुळीच्या बाजूला घराच्या मागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे. कुडाळातल्या कुठल्याही भजनी मंडळाला विचारा, बोट दाखवतील. पोरगा मुंबईला साउंडचं काम करायचा, लॉकडाउनला गावी आला आणि इथेच राहिला.

आम्ही गेलो होतो माझ्या भाचीच्या गाण्यासाठी. भाची कुडाळला कॉलेजात शिकते, मालवणीत रॅप लिहिते. माझी बहीण आणि मेव्हणे मुंबईला, पोरगी आजीच्या हट्टापायी इकडे वाढली. तिने लिहिलेल्या ओळी मला पहिल्यांदा ऐकवल्या तेव्हा त्यातल्या दोन काळजाला लागल्या:

आजयेच्या घराक कुलूप, कुलपाक गंज,
वर्साक धाच दिस हय वाजता झांज.

गणपतीचे दहा दिवस सोडले तर आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलूप असतं. हे तिने दोन ओळींत पकडलं. तिला गाण्यात खाली ती शहरी बीट, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला तयार ठेका, हवी होती, मधे तिचं रॅप, आणि शेवटाला आमचा गजर, म्हणजे भजनात सगळ्यांनी मिळून घेतलेलं देवाचं नाव, खरा, चढत्या लयीचा, झांजांसकट. मी विचारलं, मग हे भजन की काय? ती म्हणाली, “मामा, आधी पुरा आयक, मगे नाव ठेव.”

आता स्टुडिओ. खोली लहान, साधारण दहा बाय बारा. भिंतींना काथ्याच्या चटया आणि जुन्या गोधड्या मारलेल्या आहेत. दिसायला काही नाही, पण टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी मरतो. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो, भर पावसात. पावसाळ्यात पखवाजाची पुडी सर्दावते, सूर उतरतो. एसीत नेली की तासाभरात तीच पुडी ताणते आणि सूर वर सरकतो, कणीकही वाळते. त्याने एसी आधीच चालू ठेवला होता. मला म्हणाला, पखवाज आत ठेवा आणि अर्धा तास चहा घ्या, त्याला खोलीची सवय होऊ दे, मग सुरात लावा. त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याने लावले नाहीत.

पखवाज पेटीच्या पांढरी पाच या सुराला लावला. भाचीने आणलेली बीट निघाली काळी तीनची. मी पुडी उतरवायला हातोडी घेतली, तर त्याने हात धरला. “वाद्य हलवू नका, बीट हलवूया.” कॉम्प्युटरवर बीट अर्धा सूर वर नेली आणि काम झालं. याच क्षणी मी ठरवलं की या माणसाला पाच पैकी पाच तारे द्यायचे. (शेवटी साडेचार दिलेत, त्याचं कारण पुढे येईल.)

उजव्या पुडीला एक माइक, डाव्याला दुसरा, जाड आवाज पकडणारा. आणि मग खरी अडचण आली. आजकालची गाणी क्लिकवर बांधतात. कानात टिकटिक चालू असते, सगळं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत. आमचा गजर तसा नाहीच. तो सावकाश सुरू होतो, कोरस तापत जातो, झांज चढते, पखवाज दुगुनीत (दुप्पट लयीत) जातो, आणि शेवटी लग्गी (जलद वाजवणी) सुटली की माणसं बसल्या जागी डोलतात. ती चढण काढली तर गजराचं उरतं काय? मी क्लिकवर तीनदा वाजवून पाहिलं. हात बरोबर पडत होता पण माझं मलाच आवडेना. पोराने हेडफोन काढला आणि म्हणाला, “क्लिक बंद. तुम्ही बारीत बसलायत असं समजून वाजवा. कॉम्प्युटर तुमच्या मागून येईल.” मी एका दमात वाजवलं. नंतर त्याने माझी थाप न् थाप मोजून कॉम्प्युटरची लय माझ्या लयीवर बसवली आणि बीट त्या लयीवर ताणली. दोन तास लागले. ते गाणं आता ऐकताना ती शहरी बीट माझ्या पखवाजाबरोबर हळूहळू पळायला लागते, तो भाग मी किती वेळा ऐकला असेन सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट बासची. त्या बीटमधला खालचा घुमारा आणि माझ्या डाव्या पुडीचा जाड आवाज दोघे एकाच जागेवर येऊन बसत होते. दोघांचा मिळून नुसता चिखल. त्याने अशी व्यवस्था केली की माझी थाप पडली की घुमारा क्षणभर वाकतो, थाप गेली की पुन्हा उभा राहतो. एखाद्याने वाट द्यावी तसं.

मधेच सर आली. स्टुडिओच्या पुढच्या पडवीला पत्रे आहेत, त्यावर पाऊस पडला की माइकमध्ये सगळा पाऊसच. अर्धा तास काम बंद. (त्याचेही पैसे घेतले नाहीत.) त्या वेळात त्याने आणि भाचीने मला ‘ओल्ड टाउन रोड’ची गोष्ट सांगितली. गाणं मी तोवर ऐकलं नव्हतं. ऐकवलं, आणि मला ती गोष्ट अशी भिडली की घरी येऊन मी भाचीला पुन्हा पुन्हा विचारून सगळं समजून घेतलं.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातला मॉन्टेरो हिल नावाचा पोरगा, लिल नॅस एक्स या नावाने गाणारा. वय एकोणीस, कॉलेज सोडलेलं, बहिणीकडे राहत होता. त्याने इंटरनेटवर तीस डॉलरला एक बीट घेतली. ती बनवणारा यंगकियो हा नेदरलँड्समधला, तोही त्याच वयाचा. दोघांची तोवर भेट नाही. त्या बीटमध्ये जो बँजोचा टणत्कार आहे तो नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ सालच्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्यातून घेतलेला. म्हणजे रॉकवाल्यांचा बँजो, डच पोराचा ठेका, आणि त्यावर काळ्या अमेरिकन पोराने गायलेली घोड्याची, टोपीची, गावाकडच्या रस्त्याची ओळ. अटलांटातल्या एका छोट्या स्टुडिओत मंगळवारी वीस डॉलरचा सवलतीचा दर असायचा, तिथे जाऊन त्याने तासाभरात ते गाऊन टाकलं. डिसेंबर २०१८ मध्ये गाणं बाहेर आलं. लांबी फक्त १ मिनिट ५३ सेकंद. आमच्या बुवांचं नमनसुद्धा त्यात बसत नाही.

स्टुडिओवाल्या पोराने ही गोष्ट सांगितली ती एका कामासाठी. भाचीला त्याने विचारलं, “तुझ्या बीटचा कागद खय आसा?” तिने बीट अडीच हजारांना घेतली होती, पण परवाना वाचला नव्हता. स्वस्तातली बीट म्हणजे बहुतेक वेळा भाड्याची असते. बनवणारा तीच बीट आणखी दहा जणांना देऊ शकतो, आणि गाणं ठरावीक आकड्याच्या पुढे वाजलं की नवा परवाना घ्यावा लागतो. शिवाय त्या बीटमध्ये दुसऱ्या कुणाचा तुकडा असेल तर त्याची परवानगी वेगळी. त्या अमेरिकन गाण्याचंही तेच झालं. ते पसरल्यावर त्या बँजोची परवानगी घ्यावी लागली आणि नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं गाण्याच्या कर्त्यांत लागली. आमचा पोरगा परवाना बघितल्याशिवाय काम पुढे नेत नाही. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला असं अडवणारा माणूस मला तरी विरळाच भेटला.

इथे आमच्या भजनी मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर गजर बांधायची रीत जुनी आहे. माझ्या लहानपणी बुवा नवीन सिनेमा लागला की आठवड्यात त्याची चाल गजरात आणायचे आणि मांडव डोक्यावर घ्यायचे. जाखडी नाचवालेही तेच करतात. दोन जातीचं संगीत एकत्र करणं कोकणाला कुणी शिकवायला नको. पण देवळात गायलेला गजर मोबाइलवर टाकला की तो त्या चालीच्या मालकाच्या तावडीत येतो. व्हिडिओ बंद पडतो नाहीतर त्याची कमाई दुसऱ्याकडे जाते. भारतात गीतकार-संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. तुकोबांचा अभंग तुमचा-आमचा सगळ्यांचा, पण त्याला लावलेली सिनेमाची चाल तशी नाही. आमच्या गाण्यातला गजर म्हणून आम्ही पारंपरिक चालीतच ठेवला.

कोरसचं काय? आम्ही बारा जण, खोलीत मावतात पाच, आणि हेडफोन तीनच. त्याने सुचवलं की कोरस गावातच घेऊ. एका रात्री रेकॉर्डर घेऊन तो आमच्या चौके गावाला आला, देवळाच्या सभामंडपात. पाऊस थांबला होता, बेडकांनी मात्र ऐकलं नाही. पंखे बंद, घामाने निथळत बारा माणसं माझा रेकॉर्ड केलेला पखवाज एका कानात ऐकत गजर म्हणत होती. सभामंडपाचा घुमारा त्या आवाजाला असा लागलाय की तो कुठल्या यंत्रातून काढता आला नसता. गजर संपल्यावर शांततेत एक बेडूक ओरडतो, तो त्याने काढला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “तो गावातलोच आसा.”

आता पैसे. तासाला सहाशे. पहिल्या खेपेला सहा तासांचे ३,६००, गावात येण्याचे १,५००, मिक्सिंगचे ४,०००. दोन दुरुस्त्या फुकट. मुंबईच्या मानाने हे काहीच नाही, आणि काम त्याच्या वरचं.

आता तारा अर्धा का गेला ते. १ ऑगस्टला फाइल देतो म्हणाला आणि दिली १० ऑगस्टला. गणपती २७ ला होते, आमचा जीव टांगणीला. फोन उचलत नव्हता. एकटा माणूस, कामं जास्त घेतलेली, हे कळतं, पण एक निरोप टाकायला काय हरकत होती? दुसरं, स्टुडिओला वेगळं स्वच्छतागृह नाही, मालकाच्या घरात जावं लागतं. भाचीसारख्या पोरींना ते अवघड वाटतं. तिसरं, लाइट गेली की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो पण एसी नाही. मग पखवाजाचा सूर पुन्हा हलतो आणि थांबावं लागतं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

गाणं हातात आलं आणि ते ठेवायचं कुठे, हा घोळ सुरू झाला. ऑनलाइन टाकताना एका खणात गाण्याचा प्रकार निवडावा लागतो. भक्तिसंगीत, लोकसंगीत, हिपहॉप, पॉप. भाची रात्री अकरापर्यंत त्या खणापुढे बसून होती. भाषेच्या यादीत मालवणी नव्हतीच. तिने शेवटी लोकसंगीत निवडलं. श्रावणात शेजारच्या गावी भजन स्पर्धा होती, तिथे आमच्या मंडळाने हा गजर रॅपसकट म्हणायचं ठरवलं. आयोजकांनी ऐकलं आणि सांगितलं, हे भजन न्हय. मला राग आला नाही, वाईट वाटलं. मग भाचीच्या कॉलेजातला एक साउंडवाला पोरगा म्हणाला, मिरवणुकीत वाजवतो. त्याने वाजवून पाहिलं आणि परत दिलं. लय वाढत जाते, पुढचं गाणं त्याला जोडता येत नाही. म्हणजे देवळात भजन नाही आणि रस्त्यावर डीजे नाही. ज्या चढत्या लयीसाठी आम्ही दोन तास दिले तिच्यामुळेच मिरवणुकीतून बाहेर.

त्या रात्री भाचीने मला त्या अमेरिकन गाण्याचा पुढचा भाग सांगितला. त्या पोराने आपल्या गाण्यावर ‘कंट्री’ अशी पाटी लावली होती. कंट्री म्हणजे तिकडच्या गावाकडचं संगीत. मुलामुलींनी टिकटॉकवर काउबॉयच्या टोप्या घालून ते पसरवलं. मार्च २०१९ मध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या गाजत्या गाण्यांच्या तीन याद्यांत एकाच वेळी होतं: सर्वसाधारण, हिपहॉपची आणि कंट्रीची. आणि मग बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून ते काढून टाकलं. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण त्यात नाहीत, असं कारण दिलं. यावर तिकडे मोठा वाद पेटला. घोडा, टोपी, बँजो सगळं असताना कमी काय पडलं, आणि गाणारा गोरा असता तर काढलं असतं का, असं लोकांनी उघड विचारलं. मला तो प्रश्न रास्त वाटतो.

पुढे एप्रिल २०१९ मध्ये बिली रे सायरस या जुन्या कंट्री गायकाने त्याच गाण्यात आपलं कडवं गाऊन नवी आवृत्ती काढली. ते गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. तोवरचा विक्रम १६ आठवड्यांचा होता. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला पुरस्कार दिला, आणि २०२० च्या जानेवारीत दोन ग्रॅमी मिळाले. भाचीने तिथूनच कल्पना उचलली. म्हणाली, आपले म्हातारे बुवा.

आमचे बुवा ऐंशीच्या पुढचे. बाऱ्या सोडून बरीच वर्षं झाली. गाणं त्यांना मोबाइलवर ऐकवलं. दोनदा ऐकलं. रॅपबद्दल एक शब्द बोलले नाहीत. गजराकडे बोट दाखवून म्हणाले, “गे बाय, देवाचा नाव घाईत घेव नको. हय जरा थांब.” भाचीच्या रॅपमधून गजरात जाताना एक उडी होती, ती त्यांना खटकली होती. आणि खरंच होतं, ती जागा मलाही कुठेतरी टोचत होती, पण सांगता येत नव्हती.

गणपतीला दहा दिवस असताना आम्ही त्यांना रिक्षाने कुडाळला नेलं. आयत्या वेळी स्टुडिओवाल्याने जागा दिली, हे मी त्याच्या उशिराच्या खात्यावर वजा धरतो. हेडफोन नको म्हणाले, कानाला जड होतो. पोराने लहान स्पीकर जमिनीवर ठेवला, आवाज अगदी बारीक केला आणि माइक त्यांच्या तोंडाशी आणला. बुवांनी रॅप संपतो तिथे, बीट पूर्ण थांबवून, विठ्ठलाचं नाव एका लांब आलापात घेतलं. आवाज कापतो त्यांचा, श्वास मधेच संपतो. पोराने विचारलं, पुन्हा घेऊया का? भाची म्हणाली, नको. तो श्वास तसाच गाण्यात आहे. त्यानंतर माझी पहिली थाप पडते. दोन तासांचे १,२०० आणि नव्या मिक्सिंगचे १,५०० झाले. बुवांच्या आवाजाचे पैसे त्याने घ्यायला नको म्हटलं होतं, मीच बळे दिले.

ही दुसरी आवृत्ती गणपतीच्या आदल्या दिवशी आली. आमच्या वाडीत चौथ्या दिवशी फुगडी असते. बायकांनी नेहमीची गाणी म्हटली, आणि मग माझ्या वहिनीने मोबाइल स्पीकरला जोडून हे लावलं. मी ओटीवर होतो. रॅप लागलं तेव्हा फुगड्या थांबल्या, पोरी नुसत्या ऐकत राहिल्या. कुलपाच्या ओळीला मुंबईहून आलेल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. बुवांचा आवाज आला तशी सगळी ओटी गप्प. आणि गजर चढायला लागला तशा जोड्या धरल्या गेल्या. लय वाढेल तशा फुगड्या वाढल्या. डीजेला जी लय अडचणीची झाली ती फुगडीला मापाची निघाली. पुढचे सगळे दिवस ते गाणं वाडीवाडीतून मागून घेतलं गेलं. स्पर्धेच्या आयोजकांपैकी एकाच्या घरी मी ते माझ्या कानांनी ऐकलं, पण तो विषय मी काढला नाही.

भाचीने परवा आणखी एक सांगितलं. २०२४ मध्ये शाबूझी नावाच्या गायकाचं असंच कंट्री आणि हिपहॉपचं मिश्र गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं, आणि ते कंट्रीच्या यादीतही पहिलं होतं. कुणी काढलं नाही. पाचच वर्षांत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आधी फोन करा आणि उचलेपर्यंत करत राहा. तारीख कागदावर लिहून घ्या. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागा. बीट विकत घेतली असेल तर परवाना बरोबर न्या. डबलबारीवाले, दशावताराचे पेटीवाले, ढोल-ताशावाले, सगळ्यांनी बिनधास्त जावं, तो वाद्य आधी ऐकतो आणि मग माइक लावतो. पाऊस गेल्यावर गेलात तर उत्तम. आम्ही दिवाळीनंतरची तारीख घेतलीय, भाचीचं दुसरं गाणं आहे. या खेपेला कणीक मी घरूनच मळून नेणार. त्याच्याकडे मैदा असतो, तो लवकर सुटतो.